लेखनासाठी जुना थिंकपॅड आणि मराठीसाठी नीट लावलेलं लिब्रेऑफिस

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. या अटींमुळे अगदी धडधाकट लॅपटॉप कार्यालयांतून बाहेर पडले आणि रिफर्बिश्ड मालाच्या दुकानांत आले. ज्यांचं काम मुख्यतः लिहिण्याचं आहे, म्हणजे शिक्षक, अनुवादक, पीएचडी करणारे, दिवाळी अंक काढणारे, त्यांनी या संधीचा जरूर फायदा घ्यावा. चांगला कीबोर्ड, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि बदलता येणारी बॅटरी एवढं असलं की लेखनाचं काम वर्षानुवर्षं निघतं.

पण मशीन घेण्याआधी फाइलींकडे बघा. लिब्रेऑफिस हे लेखनासाठीचं मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर आणि मॅकवरही चालतं, त्यामुळे आहे त्या लॅपटॉपवर महिनाभर वापरून हात बसवता येतो. मशीन आणि सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदललं की काही अडल्यावर दोष नेमका कशाचा तेच कळत नाही, आणि चार दिवसांत माणूस वैतागून जुन्यावर परत जातो.

पायरी १: जुना मजकूर सोडवून घ्या

लिब्रेऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनमधली संस्था ते सांभाळते. ओपनऑफिसही अजून डाउनलोडला मिळतं, पण त्यावर काम फार थोडं होतं, तेव्हा ते घेऊ नका. २०२४ पासून लिब्रेऑफिसचा आवृत्ती क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून ठरतो. २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४. आपल्याकडची आवृत्ती किती जुनी आहे हे त्यावरून लगेच कळतं.

याची मूळ फाइल ओडीटी. ती ज्या ओडीएफ प्रकारात मोडते, तो २००६ पासून आयएसओ मानक आहे. याचा अर्थ स्वतः पाहायचा असेल तर एका ओडीटी फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटी ओडीटीऐवजी झिप लिहा आणि ती उघडा. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल दिसेल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्यं जशीच्या तशी वाचता येतात. उद्या लिब्रेऑफिस राहिलं नाही तरी कुणीही जाणकार हा मजकूर बाहेर काढू शकेल.

श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, डीव्हीबी-टीटी यांत टाइप केलेल्या मजकुराचं तसं नाही. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाँट गेला की समोर निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत) रुळण्याआधीचे कितीतरी प्रबंध, अहवाल, स्मरणिका आणि मासिकांचे अंक असे अडकून पडले आहेत, आणि ते टाइप करणारी माणसं आता निवृत्त होत आहेत. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

आधी सगळ्या मूळ फाइलींची वेगळी प्रत काढा. मूळ फाइलींना हात लावायचा नाही. मग एक फाइल रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून मजकुरावर कर्सर ठेवा. फाँट मशीनवर नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत तिरप्या अक्षरांत दिसतं. ते नाव टिपून घ्या आणि त्याच फाँटसाठी बनवलेला, मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर शोधा, कारण प्रत्येक कुळाची अक्षरजुळणी वेगळी असते. एकदम सगळं पुस्तक घालू नका, एक पान बदलून तपासा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो, म्हणून कन्व्हर्टर बहुधा तिथेच चुकतो. 'धार्मिक', 'कीर्ती', 'वर्षांच्या', 'दुसऱ्या', 'ज्ञानेश्वर' असे शब्द मुद्दाम शोधून बघा. मजकुरात अधूनमधून इंग्रजी शब्द असतील तर त्यांचीही देवनागरी खिचडी झालेली असेल, ती हातानेच निस्तरावी लागते. जुन्या छापील प्रतीशी ताडून एकदा वाचल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

पायरी २: रायटर मराठीसाठी लावा

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. 'लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट येत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा पुढच्या एका सेटिंगपाशी येऊन थांबते.

टूल्स, मग ऑप्शन्स, मग 'लँग्वेजेस अँड लोकॅल्स' या विभागात जा (थोड्या जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'लँग्वेज सेटिंग्ज' आहे). तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ला टिक करा आणि समोरच्या यादीतून मराठी निवडा. लिब्रेऑफिस रोमन लिपी आणि देवनागरी यांचे फाँट, आकार आणि भाषा वेगवेगळ्या सांभाळतं. तुम्ही स्टाइलमध्ये वरच्या, 'वेस्टर्न' चौकटीत १४ आकार दिला आणि मराठी अक्षर हललंच नाही, तर कारण हेच. देवनागरीसाठीचा आकार 'कॉम्प्लेक्स' च्या चौकटीत द्यायचा असतो. टिक केल्यावर ऑप्शन्समधल्या रायटर विभागात 'बेसिक फाँट्स, सीटीएल' असं नवं पान दिसू लागतं. तिथे आपला नेहमीचा मराठी फाँट आणि आकार एकदाच भरून ठेवा.

फाँट मुक्त परवान्याचाच घ्या, म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो आणि कुठल्याही मशीनवर बसवता येतो. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका प्रबंधाला आणि संस्कृत अवतरणांना शोभतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त पडद्यावर वाचायला स्वच्छ आहे. तिरो देवनागरी मराठी तर खास मराठीसाठीच काढलेला आहे. बाकी अनेक फाँटमध्ये 'ल' आणि 'श' चे हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार असतात, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच मराठी आकार उमटतो. म्हणजे भाषा निवडणं फक्त शुद्धलेखनासाठी नाही, पानावरच्या अक्षरावरही त्याचा परिणाम होतो. खाली स्टेटस बारवर भाषेचं नाव दिसतं. तिथे हिंदी असेल तर सगळा मजकूर निवडून मराठी करा.

ओळींमधलं अंतर 'फिक्स्ड' ठेवू नका. त्याने वेलांटीचा माथा, अनुस्वार आणि रफार कापले जातात. 'प्रपोर्शनल' निवडून ११५ ते १२५ टक्के द्या.

मग स्टाइल्स. एफ-११ दाबलं की उजवीकडे त्यांची यादी उघडते. प्रकरणाचं नाव 'हेडिंग १', उपशीर्षक 'हेडिंग २' आणि बाकीचा मजकूर 'बॉडी टेक्स्ट' अशी सवय लावून घ्या. शीर्षक निवडून ठळक केलं, आकार वाढवला, मध्यभागी आणलं, असं पानागणिक करत बसू नका. स्टाइल लावली असेल तर अनुक्रमणिका इन्सर्ट मेनूतून आपोआप तयार होते, एफ-५ ने नॅव्हिगेटर उघडून प्रकरणं वरखाली हलवता येतात, आणि तीनशे पानांचा फाँट एका जागी बदलतो. मार्गदर्शकांनी आयत्या वेळी 'आकार १२ नको, १३ करा' म्हटलं की स्टाइलचं मोल कळतं.

आता एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. चार लेखकांचा मजकूर एकत्र करणाऱ्या संपादकाला हे हमखास भोवतं. मजकुरातून दोन्ही प्रकारांचा एकेक नमुना उचला, कंट्रोल-एच ने बदलाची खिडकी उघडा, जोडचिन्हाचा प्रकार 'शोधा' च्या चौकटीत आणि ऱ-हलन्ताचा प्रकार 'बदला' च्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे बदलून टाका. युनिकोडची शिफारसही ऱ-हलन्ताचीच आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर तो टाइप करणं सोपं आहे: शिफ्ट धरून जे, मग डी.

शुद्धलेखन तपासण्यासाठी लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शन्सच्या संकेतस्थळावर मराठीचा शब्दकोश मिळतो. फेडोरा लिनक्सवर तो 'हनस्पेल-एमआर' नावाच्या पॅकेजमधून येतो. मराठीत प्रत्यय चिकटून शब्दाची रूपं फार होतात, त्यामुळे बरोबर शब्दांखालीही लाल रेघ येईल. नेहमीचे शब्द आपल्या कोशात भरत गेलात की रेघा कमी होत जातात. ऑटोकरेक्ट मात्र पहिल्या दिवसापासून कामाला येतो. 'आणी' चं 'आणि', 'परंतू' चं 'परंतु', 'विद्यार्थि' चं 'विद्यार्थी' अशा आपल्या हमखास होणाऱ्या चुका मराठी भाषेच्या यादीत टाकून ठेवा.

शेवटी ऑप्शन्समधल्या 'लोड/सेव्ह' मध्ये जाऊन ऑटोरिकव्हरी पाच मिनिटांवर आणा आणि 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' ला टिक करा.

पायरी ३: मशीन निवडा

इथे पहिला प्रश्न रॅमचा. तपशिलात 'एलपीडीडीआर' लिहिलेलं दिसलं तर ती रॅम जवळपास नेहमीच मदरबोर्डवर डकवलेली असते. घेतली तेवढीच कायम. 'एसओडिम' लिहिलं असेल तर ती स्लॉटमध्ये बसते, म्हणजे बदलता येते.

मी सुचवेन तो लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी४८०. २०१८ चं मॉडेल, बहुतेकांत इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्यामुळे कधी लागलंच तर विंडोज ११ ही अधिकृतपणे चालतं. डीडीआर४ रॅमचे दोन स्लॉट, बदलता येणारी डिस्क, आत एक छोटी बॅटरी आणि मागे खटक्याने निघणारी दुसरी. आतली बॅटरी चार्ज असेल तर मागची मशीन बंद न करता काढता येते. २४, ४८ आणि ७२ वॅट-तासांच्या मागच्या बॅटऱ्या मिळतात. प्रवासात लिहिणाऱ्याने ७२ ची घ्यावी, पण ती खाली फुगीर असते आणि वजन वाढवते. कीबोर्ड वरून निघतो, त्यासाठी आख्खं मशीन सुटं करावं लागत नाही. आणि प्रत्येक भाग कसा काढायचा हे सांगणारं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल लेनोवोने सर्वांसाठी खुलं ठेवलेलं आहे. ते डाउनलोड करून ठेवा, दुकानात जायच्या आधीच.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे नीट बघा. टी४८०एस सडपातळ आहे, पण त्यात थोडी रॅम डकवलेली आणि एकच स्लॉट. टी४९० मध्येही तसंच. एक्स१ कार्बन दिसायला देखणा, पण त्याची सगळी रॅम डकवलेली. डेल लॅटिट्यूड ५४९० आणि एचपी एलिटबुक ८४० जी५ या दोन्हींत दोन-दोन स्लॉट आहेत, तेही चांगले.

नवंच घ्यायचं असेल तर थिंकपॅड टी१४ ची पाचवी पिढी बघा. २०२४ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीचं मार्गदर्शन करणाऱ्या कंपनीच्या मदतीने तिची रचना दुरुस्तीला सोपी केली गेली आणि रॅमचे दोन्ही स्लॉट परत आले. अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला फ्रेमवर्क या कंपनीचाही पर्याय आहे. २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या १३ इंची लॅपटॉपमध्ये तोच सांगाडा, पडदा आणि कीबोर्ड ठेवून फक्त मदरबोर्ड नव्या पिढीचा बसवता येतो. कंपनी भारतात थेट विकत नाही, त्यामुळे इथे सुटा भाग लागला तर कठीण होतं.

पायरी ४: दुकानात काय तपासाल

मुंबईत लॅमिंग्टन रोड, बंगळुरूत एसपी रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. कुठेही गेलात तरी सोबत पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम तयार करून न्या आणि घाई करू नका.

मशीन चालू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा. सुपरवायझर पासवर्ड विचारला तर ते मशीन परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी. थिंकपॅडवर तो पासवर्ड बॅटरी काढून जात नाही. अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलण्याचा. आत 'सिक्युरिटी' मध्ये चोरीविरोधी ट्रॅकिंगची नोंद बघा. ते चालू असेल तर मशीन अजून कुणातरी कंपनीच्या ताब्यात असू शकतं.

विंडोज असेल तर टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' मध्ये मेमरीवर क्लिक करा. किती स्लॉट आहेत आणि किती भरले आहेत ते तिथे दिसतं. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता यांची तुलना करा. ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत धरूनच भाव करा. टचपॅड वर आलेला किंवा खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर आतली बॅटरी फुगलेली आहे.

मग एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून मिंट चालू करा. रायटर उघडून प्रत्येक कळ एकदा दाबा. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळे यूएसबी पोर्ट बघा. पांढरी खिडकी पूर्ण पडदाभर करा, म्हणजे डाग आणि पिवळट कोपरे दिसतात. पडदा जमेल तिथे १९२० बाय १०८० चा आयपीएस घ्या. कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं गिचमीड दिसतात.

टी४८० च्या सुरुवातीच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (वेगवान यूएसबी-सी पोर्ट चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता, त्याने कालांतराने यूएसबी-सी चं ते पोर्ट निकामी होऊ शकतं. लेनोवोने दुरुस्त फर्मवेअर दिलेलं आहे. विंडोज पुसायच्या आधी ते चढवून घ्या.

पायरी ५: उघडा आणि भाग बदला

बायोसमध्ये 'कॉन्फिग', मग 'पॉवर' मध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' असा पर्याय आहे. चार्जर काढा आणि तो वापरा. मशीन बंद होतं आणि आतला वीजपुरवठा तुटतो. मागची बॅटरी काढा. आता स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. खालच्या कव्हरचे स्क्रू सैल होतात पण सुटून पडत नाहीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. कव्हर कडेकडेने प्लास्टिकच्या पातळ पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. लोखंडी टोक घालून उचकटू नका. आत हात घालण्याआधी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज घालवा.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की पट्टी तिरकी वर येते. नवी पट्टी कडेने धरून त्याच तिरक्या कोनात पूर्ण आत घाला आणि खाली दाबा. दोन्ही बाजूंना क्लिप लागल्याचा आवाज आला पाहिजे. सोनेरी टोकं बाहेर दिसत असतील तर ती पूर्ण बसलेली नाही. ८-८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या १६ च्या एका पट्टीपेक्षा बऱ्या, कारण मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात येतात. टी४८० ची रॅम २४०० च्या वेगाने चालते. २६६६ ची पट्टी बसवली तरी ती २४०० नेच चालेल, त्यात बिघडत काही नाही.

एसएसडी मागवण्याआधी आतली व्यवस्था बघून घ्या. काही टी४८० मध्ये अडीच इंची साटा डिस्कची केबल आणि चौकट असते, काहींत एम-डॉट-टू एनव्हीएमईची. एकावरून दुसरीवर जायचं तर वेगळी केबल आणि ब्रॅकेट लागतं. लेखनाच्या कामाला साटा एसएसडीही पुरेशी वेगवान आहे, तेव्हा जे आहे त्यात बसेल तेच घ्या.

पंखा सतत घोंगावत असेल तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून थर्मल पेस्ट नव्याने लावा. स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने थोडे थोडे आवळा. वाटाण्याएवढी पेस्ट खूप झाली. हे काम जमणार नाही असं वाटलं तर दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि शेजारी उभं राहून बघा.

बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू, वाकवू किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. सुटे भाग आणि मॅन्युअल शोधताना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेलं 'राइट टू रिपेअर' पोर्टलही बघा. तिथे कंपन्यांची सेवा केंद्रं आणि दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते.

पायरी ६: लिनक्स आणि मराठी कीबोर्ड

मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत आणि लिब्रेऑफिस त्यात आधीच असतं. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा. लॅपटॉप चोरीला गेला तरी कागदपत्रं चोराला वाचता येत नाहीत. कीबोर्डच्या 'लेआउट्स' मध्ये 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' जोडा. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करण्याची सवय असेल तर 'आयबस' हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं 'एम१७एन' पॅकेज घ्या, त्यात मराठी आयट्रान्स आणि फोनेटिक दोन्ही आहेत. इनस्क्रिप्ट मात्र शिकून घ्याच. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि कुठल्याही मशीनवर तेच.

लॅपटॉप सतत चार्जरवर राहत असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा. 'टीएलपी' या छोट्या प्रोग्रॅमने थिंकपॅडवर ती सहज लावता येते.

पायरी ७: दुसऱ्यांशी देवाणघेवाण

विद्यापीठ, प्रकाशक, कार्यालय, सगळे वर्डची डॉकएक्स फाइल मागतात. त्यांना द्या. पण मूळ ओडीटीच ठेवा आणि पाठवण्यापुरती डॉकएक्स प्रत काढा. दर वेळी डॉकएक्समध्येच काम करत राहिलात तर तक्ते आणि क्रमांक हळूहळू सरकतात. समोरच्याकडे तुमचा फाँट नसेल तर पानं बदलतात, म्हणून फाइल, प्रॉपर्टीज, फाँट इथे 'एम्बेड फाँट्स' ला टिक करा. नुसतं वाचायलाच पाठवायचं असेल तर पीडीएफ. पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' निवडला तर आत मूळ ओडीटीही दडलेली राहते. तीच फाइल वाचताही येते आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडून बदलताही येते. लेखक-संपादकांच्या जोडीला ही सोय फार उपयोगी; करारनाम्यासाठी मात्र साधा पीडीएफच द्या.

संपादनाच्या फेऱ्यांसाठी 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवा. रोज गुंतागुंतीच्या तक्त्यांचे डॉकएक्स हाताळावे लागत असतील तर ओन्लीऑफिस हे दुसरं ऑफिस सॉफ्टवेअर वापरून बघा, तेही मुक्त स्रोत आहे, पण मराठीचं एक लांब पान त्यात आधी तपासून घ्या. अनेकांना एकाच वेळी एका फाइलवर लिहायचं असेल तर नेक्स्टक्लाउड या फाइली साठवण्याच्या सेवेवरचं कोलॅबोरा हे ऑनलाइन संपादक, किंवा गोपनीय मजकुरासाठी क्रिप्टपॅड हे एन्क्रिप्ट करणारं ऑनलाइन संपादक.

बदलून निघालेली साटा डिस्क टाकू नका. ती यूएसबीच्या केसमध्ये घाला, पूर्ण पुसून घ्या आणि आठवड्याला एकदा कागदपत्रांचा फोल्डर तिच्यावर उतरवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी ओडीटी उघडून चार पानं वाचून बघा.